बांध कोणी सरकवला?

भूगोल शिकवते असं सांगितलं की माणसं मला राजधान्या विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. दाताच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात आरसा असताना मंगोलियाची राजधानी विचारली होती. आता निवृत्त झाले आहे तेव्हा खरं सांगून टाकते. मला फारशा राजधान्या येत नाहीत. माझी सगळी नोकरी विद्यापीठात डोंगर, ओढे आणि माती यांच्या मागं गेली. नदी एक काठ खाते आणि दुसऱ्या काठावर गाळ का टाकते, उतार कुठं टिकतो आणि कुठं घसरतो, हे मोजणं हा माझा धंदा. त्याला भूरूपशास्त्र असं भारदस्त नाव आहे. माझे वडील मुरगूडचे. ते शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, "आमची पोरगी चिखल मोजती." यापेक्षा नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

या धंद्यातही गिऱ्हाईकं येतात बरं का. बिद्रीकडचे एक ऊसवाले काका प्लास्टिकच्या पिशवीतून मूठभर माती घेऊन विभागात आले आणि म्हणाले, "वास घिऊन सांगा बाई, पाणी कुठं लागंल?" मी खरंच वास घेतला आणि सांगितलं, "काका, यात शेणखत भरपूर आहे, एवढंच कळतंय." ते खूश होऊन गेले. एकदा एक बिल्डर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. 'या जागेवर पुराचं पाणी येत नाही' अशी एक ओळ त्याला माझ्या सहीनिशी हवी होती. मी त्याच्याबरोबर जागेवर गेले. पायाच्या चरात थरच्या थर शिंपल्यांचे. म्हटलं, "हे इथं चालत आले काय?" गड्याचं उत्तर तयार. "वाळूच्या ट्रकातनं आलं असतील की मॅडम." सही मिळाली नाहीच. पेढे मात्र आमच्या देसाई सरांनी परत जाऊ दिले नाहीत.

देसाई सर म्हणजे माझे विभागातले सहकारी. उपग्रहाच्या मदतीनं जागा मोजण्याचं यंत्र ते सांभाळायचे. अंगानं भरलेले, बोलायला मऊ आणि जेवणाच्या बाबतीत अत्यंत शास्त्रशुद्ध. डोंगरात जायचं ठरलं की मी नकाशे काढायची आणि ते वाटेतली खानावळ.

आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच असतो. कधी? पूर कधी येणार, दरड कधी पडणार? कुठं पडेल ते आम्ही सांगू शकतो, कशी पडेल तेही सांगतो. पण कधी, याचं उत्तर आमच्या शास्त्राकडं नाही. तिरप्या ताटात भात ठेवा, तो बसून राहतो. त्यावर आमटी ओतत राहा, एका क्षणी सगळा भात सुर्रकन खाली येतो. नेमक्या कितव्या पळीला येतो ते सांगणारा आचारी अजून जन्माला यायचा आहे. हे मला आयुष्यभर सलत आलं, आणि सगळ्यात जास्त सललं ते चंदगडच्या डोंगरातल्या एका वाडीत.

वाडीचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं दिवाळी अंक वाचतात आणि मग फोन करून भांडतात. तिथले उतार किती सरकतात ते मोजायचं काम आम्ही घेतलं होतं. ओढ्याच्या अलीकडं वाडी, पलीकडं एक मोठा उतार. उतारावर सगळ्यात वर जंगल, मग काजूची झाडं, त्याखाली भाताची खाचरं आणि अगदी पायथ्याला, ओढ्याच्या काठावर, भिंतीला भिंत लावून दोन घरं. दोन्ही घरं सख्ख्या भावांची. थोरला धोंडिबा, धाकटा नागोजी. वरची खाचरं थोरल्याची, खालची धाकट्याची. दोघांच्या मध्ये आडवा बांध आणि बांधाचा राखणदार, शेंदूर लावलेला म्हसोबा.

या दोघांचं बोलणं बंद होतं. किती वर्षं, ते नक्की कुणालाच सांगता येईना, कारण त्यासाठी त्यांनी एकमेकांना विचारायला हवं होतं. दोघांच्या बायका मात्र सख्ख्या बहिणी. शेवंता थोरल्याकडं, मालन धाकट्याकडं. त्या मधल्या भिंतीवरून दिवसभर बोलायच्या, कोरड्यासाची वाटी इकडून तिकडं जायची. भांडण फक्त पुरुषांचं होतं आणि ते बांधावरून होतं.

पहिल्या दिवशी दोघं भाऊ अंगणात माझ्यासमोर उभे राहिले. मध्ये दीड हाताचं अंतर.

"बाई, त्याला इचारा, बांध कुणी कोरला," धोंडिबा म्हणाला.

"बाई, त्याला सांगा, माझं डोळं अजून फुटल्यालं न्हाईत," नागोजी म्हणाला.

"अहो, तो शेजारीच उभा आहे की तुमच्या! तुम्हीच सांगा," मी म्हटलं. दोघंही ढगाकडं बघायला लागले.

तक्रार अशी होती. नागोजीचं म्हणणं, बांध दर पावसाळ्यात त्याच्या घरामागच्या परड्याकडं सरकतो. थोरला नांगरताना गुपचूप खाली ढकलतो. म्हणून शिमगा झाला की तो आपला बांध परत वर नेऊन घालायचा. धोंडिबाचं म्हणणं, "ह्या डोळ्यांनी बघितलंय त्याला बांध वर ढकलताना! दिसाउजेडी, फावडं घिऊन!" म्हणून तो परत खाली आणायचा. दोघंही देवाशपथ सांगत होते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर खोटेपणा दिसत नव्हता. आमच्या मुलुखात बांधापायी कोर्टात चपला झिजवणारी माणसं मी बघितली आहेत, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही. आम्ही आमच्या कामाला लागलो.

उतार सरकतो का ते बघायची जुनी रीत सोपी आहे. वरपासून खालपर्यंत एका ओळीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या. ओढ्याच्या अलीकडं पक्का कातळ होता, तो आमचा न हलणारा ठिपका. तिथून प्रत्येक खुंटी मोजायची, पावसाळा जाऊ द्यायचा, परत मोजायची. आम्ही खुंट्या ठोकल्या, डोक्यांना पिवळा रंग दिला, वाडीतल्या सगळ्यांना नीट समजावून सांगितलं आणि कोल्हापूरला परतलो.

पावसाळ्यानंतर परत मोजणी झाली. देसाई सर संगणकासमोर बसले होते. चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, अभिनंदन. आपला डोंगर वर चढतोय."

निम्म्या खुंट्या वर गेल्या होत्या. काही एवढ्या खाली आल्या होत्या की उतार नाही, पळत सुटलेला घोडा असावा. आणि एक सापडलीच नव्हती.

आकडे असे वेडेवाकडे आले की आमच्यात आधी यंत्राला शिव्या देतात, मग सहकाऱ्याला, आणि शेवटी गावात जाऊन चहा पितात. तिसरा उपाय हमखास लागू पडतो. शेवंतानं चहा टाकला. मी सहज म्हटलं, "त्या पिवळ्या खुंट्या बघितल्या काय कुणी?"

"त्या व्हय? त्या आमच्या मालकांनी खाली घेतल्या की! मोजणीच्या न्हवं त्या?"

भिंतीपलीकडून मालनचा आवाज आला. "आन आमच्यांनी वर घेतल्या, अक्का! एक ऱ्हायली ती म्हशीला हाय."

देसाई सरांनी जाऊन बघितलं. गोठ्यात म्हैस आमच्या खुंटीला बांधलेली होती आणि रवंथ करत होती. धोंडिबाला वाटलं होतं, धाकट्यानं कोल्हापुरातून मोजणीची बाई आणलीय. नागोजीला वाटलं, ही थोरल्याची माणसं. मग दोघांनी आपापल्या परीनं हद्द दुरुस्त केली होती. मी मुरगूडची आहे, माझा आवाज चढला की माळापर्यंत जातो. त्या दिवशी तो पार जंगलापर्यंत गेला असावा. दोघं भाऊ मान खाली घालून ऐकत होते आणि मध्येच मला सांगत होते, "बाई, पयलं त्यानं हलीवली."

आता अशी खूण हवी होती की जिला वाडीतलं कुणीही हात लावणार नाही. झाड म्हटलं तर तोडतील. दगड म्हटलं तर उचलून जोत्याला लावतील. देसाई सर उतारावर नजर फिरवत होते. एकदम थांबले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. मी त्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं, तर म्हसोबा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की म्हसोबा बांधावर राहिलेलाच नव्हता. भाऊ बांध वर-खाली करत होते, पण देवाला कोण हलवणार? तो बांधापासून चांगला खाली, नागोजीच्या भातात एकटा उभा होता. दोघांनाही त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं. नागोजी छाती काढून म्हणाला, "देवाला खरं-खोटं कळतंय बाई. सोताहून आला माझ्याकडं." धोंडिबा म्हणाला, "देव जितं, बांध तितं. देव खाली गेला म्हंजे माझं रान तितपातूर. सांगा त्याला."

आम्ही देवाची परवानगी काढली. नारळ फोडला, देसाई सर अनवाणी झाले आणि यंत्राची काठी म्हसोबाच्या दोन डोळ्यांच्या मधोमध टेकवून उभे राहिले. असलं सर्वेक्षण मी आयुष्यात दुसरं केलं नाही. अहवालात आम्ही 'मोजणीची खूण' असं सभ्य भाषेत लिहिलं.

पुढचा पावसाळा गेला. म्हसोबा चांगला हातभर खाली आला होता. शिवाय ओढ्याच्या बाजूला कललाही होता. आता आम्ही उतार पायांनी चाळून काढला. फणस कललेला. घरांच्या मागच्या भिंतींना पोट आलेलं. शेवंताचं दार लागत नव्हतं आणि मालनचं उघडत नव्हतं. वर जंगलाच्या कडेला कोयत्याच्या आकाराची एक भेग होती. माणसं ती जुना चर समजून रोज ओलांडत होती. मी त्यात पाय घातला, तो गुडघ्यापर्यंत आत गेला आणि खाली टेकला नाही.

मी पाय ओढून बाहेर काढला. वरची माती थोडीथोडी सरकते ते वेगळं, तसे सगळेच उतार सरकतात. इथं आख्खा उतार मुळापासून सुटला होता आणि तो सावकाश, वर्षानुवर्षं, त्या दोन घरांवर येत होता.

दोन्ही भावांना मी म्हसोबासमोर उभं केलं. बायकाही आल्या.

"धोंडिबा, खरं सांगा. देवाला तुम्ही हलवलंत?"

"छ्या छ्या! म्हसोबाला हात? हाडं ऱ्हातील काय जाग्यावर?"

"नागोजी, तुम्ही?"

"काय बोलतासा बाई! पोराबाळांचा धनी हाय मी."

"मग देव खाली आला कसा? बरं, देव मर्जीनं आला म्हणा. फणस कुणाच्या मर्जीनं आला? घराच्या भिंती कुणी वाकवल्या? अहो, बांध मुळात तुमच्यातल्या कुणीच कोरला नाही. डोंगर घेऊन आलाय बांध. देवासकट!"

शेवंतानं कपाळावर हात मारला. "म्हंजे इतकी वर्सं ह्यांनी उगंचच त्वांड फिरवलं? आगं मालन, आईकतीस न्हवं?"

मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडतील. कसलं काय! धोंडिबानं मला विचारलं, "मग डोंगर पडणार कवा?"

तोच प्रश्न. मी सांगितलं, ते नाही सांगता येत. या पावसाळ्यात पडेल, पुढच्या पडेल, किंवा आणखी काही वर्षं असाच तग धरेल.

"मंग पडायला लागला की जाऊ," धोंडिबा शांतपणे म्हणाला. पहिल्यांदाच नागोजीनं थोरल्याच्या बोलण्यावर मान डोलावली.

आम्ही तहसीलला अहवाल दिला, नोटीस निघाली. नोटीस दोघांनी घडी घालून तुळईला खोचली. ओढ्याच्या अलीकडं, उंचावर, काजूच्या कारखान्याचं शेड होतं. पावसाळ्यात ते रिकामंच असायचं. मालक भला माणूस, म्हणाला, माणसं आणा, म्हशी आणा, माझी ना नाही. जागा झाली, पण जायचं कुणी आधी? धोंडिबा आधी गेला तर नागोजी बांध वर नेणार. नागोजी आधी गेला तर धोंडिबा खाली आणणार. बांध कुणी कोरला नाही हे पटलं होतं, पण आता कोरणार नाही कशावरून? मी ओरडले, "अहो, सगळं ओढ्यात गेल्यावर बांधावर बसून पोहणार आहात काय?" त्यावर धोंडिबाचं उत्तर, "आन देवाला हितं एकट्याला सोडून जायाचं व्हय?"

पावसाचे दिवस तोंडावर आले होते. मी रात्री-अपरात्री उठून आभाळ बघायला लागले. माझ्या यजमानांनी विचारलं, तुला पगार डोंगर थांबवायचा मिळतो काय? चार घास गोड लागेनात. मोजून तर झालं होतं सगळं. आता त्या मोजण्याचा उपयोग काय, जर शेवंता-मालन आणि त्यांची लेकरं त्याच भिंतींच्या आडोशाला झोपणार असतील तर!

तोड काढली ती बहिणींनी. मालन म्हणाली, "आदी देव हलवू. देव गेला की ह्यांना हितं काय काम?" देव हलवायचा तर कौल घ्यायला हवा. कौल म्हणजे गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दोन्ही भाऊ म्हणाले, कौल येईल तसं करू. आली का पंचाईत! दोन पावसाळ्यांची मोजणी, भेगेचे नकाशे, उपग्रह, सगळं आता जास्वंदीच्या एका फुलावर येऊन ठेपलं.

सगळी वाडी जमली. पहिला पाऊस होऊन दोन दिवस उघडीप होती. गुरवानं गाऱ्हाणं घातलं आणि फुलं लावली. आता मला जे ठाऊक होतं ते सांगते. म्हसोबाचं तोंड उगवतीला. डोंगर त्याच्या डाव्या हाताला, ओढा उजव्या हाताला. आणि देव ओढ्याकडं कलला होता, किती कलला होता ते आमच्याकडं लिहूनच होतं. कललेल्या बाजूचं फूल आधी पडणार, यात चमत्कार कसला? देसाई सरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. दोघंही गप्प बसलो. तरीपण सांगते, ते फूल घसरेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता आणि मी मनातल्या मनात म्हसोबाला कोंबड्याचा नवस बोलले होते.

उजवं फूल पडलं. हलगी कडाडली.

देव उकरायला घेतला तर तो जमिनीत वर दिसतो त्याच्या दुप्पट. एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. आणि मान त्या दोन घरांचा, तिसऱ्यानं हात लावायचा नाही. वाशांना दोर बांधून पुढं धोंडिबा, मागं नागोजी. "त्याला सांगा, जरा वर उचल म्हणावं." "त्याला सांगा, दमानं चल म्हणावं." हलगीवाल्यानं वैतागून दोघांचे निरोप पोचवले.

देव उचलला आणि त्याच्या जागी जो खड्डा राहिला, त्यात भसाभसा गढूळ पाणी वर आलं. वरून थेंब नव्हता, दोन दिवस ऊन पडलं होतं. तरी आतून पाणी उसळत होतं. डोंगर पोटातून भरला होता. मी काही समजावून सांगायच्या आधीच धोंडिबानं त्या पाण्याकडं एकटक बघितलं. आयुष्य शेतात गेलेला माणूस, त्याला काही सांगायची गरज लागली नाही. तो वळून बायकोला म्हणाला, "म्हशी सोड."

संध्याकाळच्या आत दोन्ही घरं रिकामी झाली. शेडच्या एका अंगाला थोरला, दुसऱ्या अंगाला धाकटा आणि मध्ये म्हसोबा.

मग पाऊस लागला, चंदगडचा पाऊस. आणि डोंगर? डोंगर जागचा हलला नाही. आठवडे गेले. शेडमध्ये माणसं कावली. मला फोन यायला लागले. "बाई, डोंगर हाय तितंच हाय की! आम्हांला का उठीवलासा?" नागोजी तर रोज फोन करायचा. विद्यापीठातही एकदोघांनी टोमणे मारले. मी सगळ्यांना एकच सांगत होते, डोंगर पडला नाही तर मी पेढे वाटीन. खोटं नव्हतं ते. आपलं शास्त्र खरं ठरावं म्हणून कुणाची घरं पडावीत असं कुठल्या बाईला वाटेल?

अशाच एका सकाळी देसाई सर आणि मी अलीकडच्या कातळावर यंत्र लावून बसलो होतो. पाऊस थोडा थांबला होता. नागोजी भांडायलाच आला होता. "म्हशी उसाचं वाडं खाईनात, दूध आटलं. आज मी घराकडं जानार, सांगून ठिवतो."

देसाई सर यंत्रावर वाकले होते. त्यांचा आवाज बदलला. "मॅडम, हे बघा. हे थांबत नाहीये." परड्यात आम्ही यंत्राची काठी रोवून ठेवली होती, तिचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत पळत होता. मी वर बघितलं. वारा पडलेला होता आणि काजूची झाडं शेंड्यापासून हलत होती. खाली ओढ्याचं पाणी तांबडंलाल झालं होतं.

आणि तेवढ्यात पलीकडच्या रिकाम्या घराच्या परड्यातून पिंजरीचा, म्हणजे भाताच्या वाळक्या काडाचा, एक प्रचंड भारा चालत बाहेर आला. भाऱ्याखाली दोन पाय. धोंडिबा! कुणाला न सांगता तो म्हशींना पिंजर आणायला पलीकडं गेला होता. भारा डोक्यावरून कानाखाली उतरलेला, त्याला ना वरचं दिसत होतं, ना काही ऐकू येत होतं. मी आयुष्यात ओरडले नाही एवढ्या जोरात ओरडले. देसाई सर ओरडले. भारा आपला सावकाश, पाऊल जपत, चिखलातून चालत होता.

नागोजी कधी निघाला ते मला कळलंच नाही. तो ओढ्यावरच्या लाकडी साकवावर दिसला, मग पलीकडं दिसला. "आण्णा! आरं आण्णा! टाक त्यो भारा!" भारा थांबला, जरासा वळला. नागोजीनं तो हातांनी उडवून दिला, थोरल्याच्या दंडाला धरलं आणि ओढत सुटला. थोरला दोनदा पडला, त्यानं दोनदा उठवला. ते साकवाच्या मध्यावर असताना डोंगरातून एक आवाज आला. गडगडाट नव्हता तो, जुनं जाड कापड फाटावं तसा आवाज होता. जंगलाखालचा सगळा उतार झाडांसकट उभाच्या उभा खाली बसला आणि मग पुढं आला. दोन्ही घरं, फणस, खाचरं, बांध, काहीच दिसेना. साकवाचा पलीकडचा काठही गेला. पण ते दोघं आमच्या काठाला लागले होते.

शेडमधून सगळे धावत आले. शेवंता नवऱ्याच्या पायापाशी बसली आणि त्याचे गुडघे चाचपून बघायला लागली. मालन नुसती दोघांकडं बघत उभी होती. देसाई सर सवयीनं यंत्राकडं वळले. मी म्हटलं, "राहू द्या आता ते." मी कातळावर फतकल मारून बसले आणि रडले.

धोंडिबा चिखलानं माखून बसला होता. नागोजी त्याच्यासमोर उभा, धाप लागलेली. आणि मग त्याचं तोंड सुटलं. "आरं तुझ्या मढ्यावर ती पिंजर घातली! म्हशी मेल्या असत्या काय एका दिसानं? अक्कल हाय का कुटं गहाण ठिवलीस? म्हातारा झालास तरी कळंना व्हय तुला, गाढवा? कोण सांगून गेलतं तुला तिकडं जायाला? मी आलो नसतो तर आज काय झालं आसतं, आं?" त्यातल्या बऱ्याच शिव्या अंकात छापण्यासारख्या नाहीत. लोकांना वाटलं आता मारामारी होणार. दोघंतिघं मध्ये पडायला पुढं सरसावले.

धोंडिबानं हात वर करून त्यांना थांबवलं. तोंडावरचा चिखल पुसला आणि धाकट्याकडं मान वर करून बघत म्हणाला, "दे. आनिक शिव्या दे. कोन मदी पडू नका रं, बोलू द्या त्याला."